शिल्डन ते तिरानो : रूळ, चढ आणि पकड

पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ती जागा जेमतेम एक चौरस सेंटिमीटर भरते. टेकू एवढासा असल्यामुळे सपाटीवर एक टन वजन ओढायला एक-दोन किलोची ओढ पुरते. पण दर हजार मीटरला एक मीटर एवढा चढ आला, तरी दर टनामागे आणखी एक किलोची भर पडते. हजारी २७ च्या, म्हणजे हजार मीटरला २७ मीटर चढाच्या, घाटात हीच ओढ पंधरा-वीस पटींनी वाढते, आणि गुळगुळीत पोलादावर चाक जागच्या जागी फिरायला लागतं. रेल्वेच्या दोनशे वर्षांत वेग, वीज, सिग्नल असं पुष्कळ काही बदललं, पण मार्ग आखणाऱ्याचं पहिलं भांडण आजही चढाशीच असतं. त्या भांडणात माणसाने काढलेल्या वेगवेगळ्या तोडी ओळीने बघाव्यात म्हणून हा मार्ग आखला. ईशान्य इंग्लंडमधल्या शिल्डनपासून इटलीच्या सीमेवरच्या तिरानोपर्यंत, सप्टेंबरअखेरीस, सगळा प्रवास रुळांवरून.

तयारीचं थोडक्यात सांगायचं तर ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन वेगळे व्हिसा लागतात. लंडन–पॅरिस आणि पॅरिस–झुरिच या दोन गाड्यांना आसन आरक्षित करावंच लागतं, पास असला तरी. स्वित्झर्लंडमधल्या रोजच्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. तिथे स्विस ट्रॅव्हल पास घेतला की रेल्वे, बोट, बस सगळं त्यात येतं.

शनिवार : शिल्डन

डार्लिंग्टनहून बिशप ऑकलंडकडे जाणारी छोटी गाडी वीस-पंचवीस मिनिटांत शिल्डनला सोडते. २७ सप्टेंबर १८२५ ला स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली, ती इथून. स्टेशनजवळच ‘लोकोमोशन’ हे संग्रहालय आहे. प्रवेश विनामूल्य आहे, पण उघडं असण्याचे वार ऋतूनुसार बदलतात, ते आधी बघून घ्यावेत.

‘लोकोमोशन नंबर १’ या त्या पहिल्या गाडीच्या इंजिनासमोर उभं राहिलं की आधी चाकांकडे बघावं. पुढची-मागची चाकं बाहेरून लोखंडी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. त्याआधीच्या इंजिनांत हे काम साखळ्या किंवा दातेरी चक्रं करत. जोडण्याचं कारण पकडच. एकच जोडी फिरवली तर इंजिनाचं निम्मं वजन वाया जातं, आणि दोन्ही जोड्या फिरल्या तर सगळं वजन रुळाला धरायच्या कामी येतं.

गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर वजन ओढू शकेल, यावर तेव्हा सगळ्यांचा विश्वास नव्हता. १८१२ मध्ये लीड्सच्या मिडलटन कोळसा रेल्वेवर ब्लेंकिन्सॉपने रुळाच्या कडेला दाते काढून त्यात दातेरी चाक फिरवलं होतं. जड इंजिन ठेवावं तर ओतीव लोखंडाचे रूळ मोडत, हलकं ठेवावं तर पकड मिळत नसे, अशी ती अडचण. मग वायलमला विल्यम हेडलीने हातांनी दांडे फिरवून चालवायची एक गाडी बनवली, तिच्यावर वजनं चढवून-उतरवून प्रयोग केले आणि नुसत्या घर्षणावर भागतं हे दाखवून दिलं. शिल्डनपर्यंत रेल्वे पोचली ती या प्रयोगांच्या जोरावर आणि बर्किनशॉच्या घडीव लोखंडी रुळांच्या जोरावर. हे रूळ १५ फूट लांबीचे निघत, ओतीव रुळांपेक्षा कितीतरी लांब, आणि सहसा मोडत नसत.

तरीही शिल्डनच्या पश्चिमेला इंजिन गेलंच नाही. खाणींकडच्या बाजूला एथरली आणि ब्रसलटन असे दोन डोंगर आडवे होते. तिथे माथ्यावर बसवलेलं वाफेचं इंजिन दोराने वाघिणी वर ओढून घेई आणि पलीकडे सोडून देई. दोन डोंगरांच्या मधली सपाटी घोडे पार करत. एकाच मार्गावर घोडा, दोर आणि फिरतं इंजिन अशी तिघांची कामं वाटलेली होती. ब्रसलटनचा चढ गावापासून चालत जाण्याजोगा आहे. तिथे रुळांखालचे दगडी ठोकळे अजून जागेवर आहेत, आणि त्यांच्यावरची रूळ बसवायची भोकंही दिसतात. आडवे लाकडी स्लीपर न टाकता असे सुटे ठोकळे बसवायचं कारण घोडाच होता, त्याला मधून चालायला मोकळी वाट हवी. इंजिनं जड झाली तसे हे ठोकळे बाजूला सरकून रुळांतलं अंतर फाकायला लागलं आणि आडवे स्लीपर आले.

संग्रहालयातले स्वयंसेवक बहुतेक याच भागातले. काही विचारलं की मनापासून आणि सविस्तर सांगतात. टिमथी हॅकवर्थचं ‘सां पारेल’ हे इंजिन इथेच, शिल्डनमध्ये तयार झालं. १८२९ च्या रेनहिलच्या चाचण्यांत, म्हणजे इंजिनांच्या स्पर्धेत, ते का हरलं, हे मूळ इंजिनासमोरच समजून घेता येतं. चार चाकांच्या इंजिनाला ठरवून दिलेल्या साडेचार टनांपेक्षा ते जड भरलं, आणि एका सिलिंडरची भिंत पातळ ओतली गेल्यामुळे ती चाचणीतच तडकली. जिंकलेल्या ‘रॉकेट’च्या बॉयलरमध्ये एका जाड नळाऐवजी २५ तांब्याच्या नळ्या होत्या. पाण्याला तापवणारा पृष्ठभाग त्यामुळे एकदम वाढला. पुढची सव्वाशे वर्षं वाफेची इंजिनं याच रचनेवर चालली.

रविवार : यॉर्क

यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम बघायला अर्धा दिवस कमीच पडतो. इथेही प्रवेश विनामूल्य आहे. मोठ्या दालनात दोन गाड्या बघण्यासाठी वेळ राखून ठेवावा.

पहिलं ‘मॅलार्ड’. ३ जुलै १९३८ ला या इंजिनाने ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही अबाधित आहे. तो झाला स्टोक बँकच्या उतारावर, सात डबे मागे घेऊन. इंजिनाचं काम चांगलं होतंच, पण उताराने हात दिला. एका बेअरिंगला मात्र तो वेग सोसला नाही. मधल्या सिलिंडरच्या दांड्याचं बेअरिंग तापून वितळलं आणि गाडी पीटरबरोला थांबवावी लागली.

दुसरा आहे जपानच्या शिंकान्सेनचा शून्य मालिकेतला डबा. तोक्यो–ओसाका मार्ग १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाला तेव्हा वेग होता ताशी २१० किलोमीटर. देशभर १०६७ मिलिमीटरचा गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, असताना या मार्गाला मुद्दाम १४३५ चा घेतला. एकही फाटक ठेवलं नाही, आणि सिग्नल रुळाकडेला न ठेवता थेट चालकाच्या केबिनमध्ये आणले. या वेगाला बाहेरचा दिवा वाचून ब्रेक लावेपर्यंत उशीर झालेला असतो. या गाडीला वेगळं इंजिनच नव्हतं. मोटारी प्रत्येक आसाला बसवल्या होत्या, त्यामुळे सगळ्या गाडीचं वजन पकडीच्या कामी आलं आणि रुळावर भारही सारखा वाटला गेला. लोकोमोशनच्या जोडदांड्यांमागे जो विचार होता, तोच इथे पूर्ण गाडीभर पसरलेला दिसतो.

डब्याखाली वाकून चाकाची कड बघितली तर चाक सपाट नसतं, किंचित निमुळतं असतं. वळणावर गाडी बाहेर सरकते. बाहेरचं चाक जाड भागावर आणि आतलं बारीक भागावर चालतं, आणि दोन्ही एकाच आसाला पक्की जोडलेली असूनही गाडी आपसूक वळते. आतली उभी कड एरवी रुळाला लागत नाही, ती शेवटचा आधार म्हणून असते. पण हाच निमुळतेपणा वेग वाढला की घातक ठरतो, कारण चाकं डावी-उजवी डुलायला लागतात आणि हे डुलणं वाढत जाऊन गाडी रुळावरून उतरू शकते. जपानमध्ये हे कोडं सोडवण्यात तादाशी मात्सुदाइरा या अभियंत्याचा मोठा वाटा होता. युद्धकाळात विमानांच्या पंखांच्या थरथरण्याचा अभ्यास केलेला हा माणूस. तेच गणित त्याने चाकांना लावलं.

संध्याकाळी यॉर्कहून लंडनची गाडी घ्यावी. ग्रँटम सुटल्यावर पीटरबरोपर्यंत तोच स्टोक बँकचा उतार, त्याच दिशेने. आजची साधी वेळापत्रकातली गाडी इथे ताशी १२५ मैलांनी धावते, विक्रमापेक्षा फक्त एक मैल कमी, आणि समोरच्या घडीच्या टेबलावरचं पाणीही फारसं हलत नाही.

सोमवार : लंडन ते पॅरिस

सेंट पँक्रसला फ्रान्सची पासपोर्ट-तपासणी गाडीत चढण्याआधीच होते. रांगा लांब असतात, एक-दीड तास आधी पोचावं. पाऊस होता, खिडकीतून केंटची हिरवी शेतं धूसर पळत गेली, आणि अर्ध्या-पाऊण तासात चॅनल बोगदा आला.

५०.४५ किलोमीटर लांबी, त्यातले सुमारे ३८ समुद्राखाली. नीट बघितलं तर हे तीन बोगदे आहेत. दोन ७.६ मीटर व्यासाचे, गाड्यांचे, आणि मधला ४.८ मीटरचा देखभालीचा. दर ३७५ मीटरवर मधल्या बोगद्यात जायचे दरवाजे आहेत. आग लागली तर लोकांनी तिथे जायचं, कारण तिथला हवेचा दाब जास्त ठेवलेला असतो आणि धूर आत शिरत नाही. शिवाय दर २५० मीटरवर दोन्ही मुख्य बोगद्यांना डोक्यावरून जोडणारी नळी आहे. अरुंद बोगद्यात गाडी पुढची हवा दाबत जाते. ती हवा शेजारच्या बोगद्यात सोडली नाही तर गाडीला विनाकारण जास्त जोर लावावा लागतो. बोगदा सरळ नाही. खडूमिश्रित मार्ल नावाच्या थरातून तो वर-खाली होत जातो, कारण हा थर खणायला मऊ आणि पाणी न झिरपणारा आहे. तरीही चढ हजारी ११ च्या आत ठेवला आहे, कारण इथून लांबलचक मालगाड्या आणि ट्रक वाहणाऱ्या गाड्याही जातात.

आत गाडीचा वेग १६० वर येतो आणि वीसेक मिनिटांत फ्रान्स. बाहेर पडल्यावर काही वेळातच वेग ३०० पर्यंत जातो.

मंगळवार : पॅरिस ते झुरिच

गार द ल्यों स्टेशनवर लक्षात ठेवायची गोष्ट अशी की दारं सुटायच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. दुमजली गाडीत वरचा मजला घ्यावा, कारण खाली बसलं तर ध्वनिरोधक भिंतीच दिसत राहतात.

पॅरिसहून ल्योंकडे जाणारा अतिजलद मार्ग २७ सप्टेंबर १९८१ ला प्रवाशांना खुला झाला. तारीख शिल्डनचीच, वर्षं १५६ उलटलेली. इथे चढाला दिलेलं उत्तर फार धाडसी होतं. एवढ्या मोठ्या मार्गावर एकही बोगदा नाही, चढ हजारी ३५ पर्यंत. जुन्या रेल्वे अभियंत्याने हा आकडा ऐकून मान हलवली असती. पण मार्ग फक्त प्रवासी गाड्यांचा, मालगाडी नाहीच, त्यामुळे वजनाच्या मानाने मोटारींची ताकद भरपूर. दुसरं कारण वेग. ताशी २७० म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. या वेगाच्या गाडीत साठलेली ऊर्जा, हवेचा विरोध सोडला तर, तिला मोटार बंद करूनही सुमारे २८५ मीटर उंच नेऊ शकेल. टेकडी समोर आली की गाडी थोडा वेग उधार देते आणि उतारावर परत घेते. वळणं मात्र सैल लागतात, त्रिज्या चार किलोमीटरच्या घरात. जुन्या रेल्वेने चढ टाळून वळणं पत्करली होती, इथे नेमकं उलट केलं.

झुरिचची गाडी मध्येच हा मार्ग सोडून दिजोंकडच्या जुन्या मार्गाला लागते. १८४९ चा चार किलोमीटरचा ब्लेझी-बा बोगदा तिथे लागतो आणि वेग निम्म्यावर येतो. दिजोंनंतर पुन्हा २०११ चा नवा अतिजलद मार्ग. एकाच आसनावर बसून दोन शतकांची आखणी अंगाला जाणवते.

विजेचा प्रकार तर वाटेत पुनःपुन्हा बदलतो. पॅरिसमध्ये १५०० व्होल्ट डीसी, अतिजलद मार्गावर २५,००० व्होल्ट ५० हर्ट्झ, दिजोंपर्यंत परत १५०० डीसी, पुढे पुन्हा २५,०००, आणि बाझलनंतर स्वित्झर्लंडचे १५,००० व्होल्ट १६.७ हर्ट्झ. प्रत्येक बदलाच्या जागी तारेचा छोटा तुकडा वीज नसलेला असतो. तिथे डब्यातल्या वातानुकूलनाचा आवाज काही सेकंद बंद होतो, तेवढं लक्ष दिलं तर कळतं. स्विस, जर्मन आणि ऑस्ट्रियन रेल्वेची ही कमी वारंवारता आली जुन्या मोटारींमुळे. कम्युटेटरच्या, म्हणजे फिरत्या भागाला ब्रशांमधून वीज पोचवणाऱ्या, मोटारीला ५० हर्ट्झ दिले की ब्रशांपाशी ठिणग्या उडून ती जळे, म्हणून एक-तृतीयांश वारंवारता ठरली. आज त्या मोटारी गेल्या, पण वीजघरं, तारा आणि हजारो इंजिनं तशीच राहिली.

फ्रान्समध्ये गाड्या डावीकडून चालतात, पण म्युलूझजवळ त्या उजवीकडून जाताना दिसतात. १८७१ ते १९१८ हा अल्सास प्रांत जर्मनीकडे होता आणि तिथल्या मार्गांची मांडणी तेव्हा जर्मन पद्धतीने झाली. स्वित्झर्लंडमध्ये शिरल्यावर पुन्हा डावीकडे.

बुधवार : गोटहार्ड, वरून आणि खालून

आल्प्समधला गोटहार्डचा डोंगर ओलांडायचा हा दिवस सगळ्या प्रवासाचा गाभा. जाताना आर्थ-गोल्डाउहून ‘ट्रेनो गोटार्दो’ ही जुन्या डोंगरी मार्गाची गाडी घ्यायची, येताना बेलिन्झोनाहून बोगद्यातली. जाता-जाता एर्स्टफेल्डला जुनं ‘क्रोकोडील’ इंजिन उभं केलेलं बघता येतं. पुढे-मागे लांब नाकं आणि मध्ये सांध्यांवर वळणारं धड, वळणांच्या घाटासाठीच घडलेलं.

एर्स्टफेल्डनंतर चढ हजारी २६-२७ वर जातो. दरी पुढे एवढी उभी होते की सरळ गेलं तर रूळ तिच्या बरोबरीने चढूच शकत नाहीत. म्हणून मार्ग लांबवला. डोंगराच्या पोटात दीड किलोमीटरचं पूर्ण गोल वेटोळं, मग वासेनजवळ दोन उलटी वळणं. वासेनचं पांढरं चर्च आधी डोक्यावर दिसतं, मग समोर, मग पायाखाली. डब्यात गर्दी नसेल तर दोन्ही बाजूंच्या खिडक्या धराव्यात, कारण चर्च बाजू बदलतं.

या घाटाचा हिशोब असा. हजार टनांच्या मालगाडीला हजारी २७ वर नुसत्या चढासाठी २७ टनांची ओढ लागते, वळणं आणि घर्षण धरून तीस. ८४ टनांचं चार आसांचं आधुनिक इंजिन कोरड्या रुळावर फार तर तेवढीच ओढ देतं. रूळ ओले झाले, त्यावर पानं पडली, की ती सतरा-अठरा टनांवर येते. म्हणून दोन इंजिनं. आणखी जड गाडीला पुढे तिसरं जोडून भागत नाही, कारण पहिल्या डब्याच्या जोडणीच्या हुकावर सगळा ताण येऊन तो तुटू शकतो. मग एक इंजिन मागून ढकलायला लावतात. चाक घसरू लागलं की वाळू सोडतात, ती आजही. संगणक घसरण सेकंदाच्या अंशात ओळखतो, पण शेवटी नळीतून रुळावर पडते ती वाळूच.

ग्योशेनेनला पाऊस, आणि पंधरा किलोमीटरच्या बोगद्यातून आयरोलोला निघालो तर लख्ख ऊन. इथे हे नेहमीचंच आहे, डोंगर हवामानाला अडवून धरतो. हा जुना बोगदा १८७२ ते १८८२ या काळात झाला. दाबलेल्या हवेची यंत्रं, डायनामाइट, उष्णता, धूर, पाणी, आणि सुमारे दोनशे कामगारांचे मृत्यू. कंत्राटदार लुई फाव्र १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून गेले. २८ फेब्रुवारी १८८० ला दोन्ही बाजू भिडल्या, तेव्हा पहिल्या भोकातून त्यांचं चित्र पलीकडे देण्यात आलं. दोन टोकांतला फरक निघाला आडवा ३३ सेंटिमीटर, उभा ५. हातातल्या दुर्बिणी आणि डोंगरांवरच्या खुणांच्या जोरावर साधलेली ही अचूकता आजही थक्क करते.

परतीला गोटहार्ड बेस बोगदा. ५७.१ किलोमीटर, १ जून २०१६ ला उद्घाटन, त्याच डिसेंबरपासून नियमित गाड्या. जुना मार्ग समुद्रसपाटीपासून ११५१ मीटरवर चढतो, हा फक्त ५४९ वर. बोगद्यातला चढ हजारी ७ च्या आत. चढाला दिलेलं हे उत्तर सगळ्यात महागडं आणि सगळ्यात सोपं. चढायचंच नाही. डोक्यावर काही ठिकाणी २३०० मीटर खडक आहे आणि तो ४६ अंशांपर्यंत तापलेला निघाला. खणताना निघालेला दगड २.८२ कोटी टन. १५ ऑक्टोबर २०१० ला पूर्वेकडच्या नळीची दोन्ही टोकं भिडली तेव्हा फरक आडवा ८ सेंटिमीटर, उभा १. या कामातही नऊ कामगार गेले. आत खडी नाही, रबरी बुटात बसवलेले स्लीपर काँक्रीटमध्ये पक्के केले आहेत. दर ३२५ मीटरवर शेजारच्या नळीत जायचा रस्ता, सेद्रून आणि फाइदोला आणीबाणीची स्टेशनं, आणि बाहेर एकही सिग्नल नाही. गाडीला धावायची परवानगी रेडिओवरून येते.

१० ऑगस्ट २०२३ ला एका मालगाडीचं चाक आत तुटलं. गाडी घसरली, सुमारे सात किलोमीटर रूळ आणि हजारो स्लीपर निकामी झाले. २ सप्टेंबर २०२४ ला बोगदा पूर्ण खुला झाला. मधल्या वर्षभरात प्रवासी गाड्यांचा बराचसा भार कुणी उचलला, तर वासेनच्या वळणांनी. प्रवासी गाड्या तासभर जास्त घेत, पण उत्तर-दक्षिण वाहतूक तुटली नाही. १८८२ चा मार्ग जपून ठेवल्याचं मोल तेव्हा सगळ्या युरोपला कळलं, आणि असे जुने घाटमार्ग खर्च वाचवायला बंद करू नयेत हे माझं मत त्या प्रसंगाने पक्कं झालं.

गुरुवार : रिगी आणि पिलाटुस

लुत्सर्नहून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक घेतली तर दोन्ही डोंगर एका दिवसात होतात. रिगी स्विस ट्रॅव्हल पासात येतो, पिलाटुसला निम्मं तिकीट पडतं. निघण्याआधी दोन्ही शिखरांवरचे कॅमेरे बघावेत. या दिवसांत तळ्यावर दाट धुकं असलं तरी वर स्वच्छ ऊन असू शकतं. आम्ही गेलो तेव्हा तसंच होतं.

फित्सनाउ–रिगी ही २१ मे १८७१ ची, युरोपातली पहिली दातेरी डोंगरी रेल्वे. निक्लाउस रिगेनबाखने दोन रुळांच्या मध्ये लोखंडी शिडी टाकली आणि तिच्या पायऱ्यांत इंजिनाचं दातेरी चाक अडकवलं. चढ हजारी २५०. ब्लेंकिन्सॉपची सोडून दिलेली कल्पना सहा दशकांनी योग्य जागी आली. चढण्यापेक्षा अवघड काम उतरण्याचं होतं, कारण नुसत्या घासणाऱ्या ब्रेकने चाकं तापून निकामी होतात. रिगेनबाखने उतरताना सिलिंडरलाच हवा दाबायला लावली आणि ती थंड राहावी म्हणून आत पाणी सोडलं. आज विजेच्या गाड्यांत उतरणारी गाडी वीज तयार करून तारेत सोडते, आणि चढणारी ती वापरते.

पिलाटुसचा चढ हजारी ४८०. जगातली सगळ्यात उभी दातेरी रेल्वे, सुरुवात १८८९ ची. एवढ्या चढावर उभं दातेरी चाक दातांवरून वर चढून निसटू शकतं. एडुआर्ड लोखरने चाकं आडवी केली. मधल्या पट्टीला दोन्ही कडांना दाते आहेत, आणि दोन आडवी चाकं ती दोन्हीकडून धरतात. त्यांच्याखालच्या चकत्या गाडीला वर उचलू देत नाहीत, वाऱ्यातसुद्धा. पण पट्टी रुळांच्या वर उभी असल्यामुळे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा नेहमीचा सांधा चालत नाही. म्हणून रुळाचा पूर्ण तुकडाच स्वतःभोवती उलटा फिरतो. एका अंगाला सरळ मार्ग, दुसऱ्या अंगाला वळणाचा. आल्पनाखश्टाडच्या खालच्या स्टेशनात थांबून हे फिरणं बघावंच. ही रेल्वे हिवाळ्यात बंद असते.

शुक्रवार : आल्बुला आणि बर्निना

खूरहून सकाळी निघालं की मीटर गेजचा ऱ्हेटिश रेल्वेचा मार्ग सुरू होतो. गेज अरुंद घेतला की वळणं घट्ट घेता येतात, डोंगर कमी कापावा लागतो. फिलिझूरच्या अलीकडे लांडवासर पूल लागतो, ६५ मीटर उंच, १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर, आणि दुसरं टोक थेट कड्यातल्या बोगद्यात. मागच्या डब्यात बसलं तर आपलंच इंजिन कड्यात शिरताना दिसतं. बेर्ग्युन ते प्रेडा ४०० मीटरपेक्षा जास्त उंची गाठायची, आणि आल्बुला या मार्गाचा चढ हजारी ३५ च्या वर न्यायचा नाही असं ठरलेलं, म्हणून गावांमधल्या साडेसहा किलोमीटरच्या अंतरासाठी रूळ बारा किलोमीटरहून जास्त टाकले आहेत. वेटोळी एकमेकांवर चढत जातात. बेर्ग्युनला उतरावं. स्टेशनालगत रेल्वे संग्रहालय आहे, आणि प्रेडाहून खाली चालत यायची पायवाट सगळी वेटोळी दाखवते. अक्रोड भरलेला ग्राउब्युंडनचा केक इथे चांगला मिळतो, वाटेत पोटाला आधार होतो.

प्रेडाहून १९०३ चा आल्बुला बोगदा. त्याला लागूनच नवा खणला, तो जून २०२४ पासून वापरात आहे. जुना आता सुटकेचा मार्ग.

पुढे बर्निना रेल्वे, आणि इथे सगळे नियम बाजूला. दाते नाहीत, दोर नाही, लांब बोगदा नाही, नुसत्या पकडीवर हजारी ७०. वळणं ४५ मीटरपर्यंत घट्ट. हे शक्य झालं कारण १९०८–१० मध्ये ती सुरुवातीपासूनच विजेवर बांधली, डब्यांखाली मोटारी असलेली. गाडीच्या एकतृतीयांश वजनाचीच चाकं फिरत असतील, तर हजारी ७० साठी घर्षणांक ०.२१ लागतो, आणि ओल्या रुळावर तो मिळेलच असं नाही. फिरणारी चाकं जितकी जास्त तितकं हे काम सोपं. उतरताना तर रुळाला चिकटणारे चुंबकीय ब्रेकही हाताशी ठेवलेले असतात. मुळात ही वेगळी कंपनी होती, म्हणून इथली वीज १००० व्होल्ट डीसी आणि आल्बुलावर ११,००० व्होल्ट एसी. नव्या ‘आलेग्रा’ गाड्या दोन्हींवर चालतात.

ओस्पिझिओ बर्निना २२५३ मीटरवर. वारा झोंबरा होता, लागो बियान्कोचं पाणी दुधट. तिथून तिरानो ४२९ मीटर, मधे ३८ किलोमीटर रूळ. ब्रूझिओला उघड्यावरचं दगडी वेटोळं लागतं, नऊ कमानींचं. गोटहार्डच्या पोटात जे दिसत नाही ते इथे सगळं दिवसाउजेडी दिसतं.

बर्निना एक्स्प्रेस आणि साधी गाडी एकाच रुळावरून जातात. एक्स्प्रेसच्या मोठ्या काचा उघडत नाहीत आणि आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. साध्या गाडीच्या काही डब्यांत खिडकी खाली करता येते, फोटोंसाठी तीच बरी. तिरानो इटलीत आहे, पासपोर्ट जवळ ठेवावा.

तिरानोत गाडी चौकातून, मोटारींच्या शेजारून स्टेशनात येते. जेवायला पित्सोक्केरी, कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि चीज. मांस न खाणाऱ्यांना सोयीचं. बाजूलाच इटालियन रेल्वेचं स्टेशन आहे. तिथून मिलान अडीच तास.

ती गाडी सोंद्रियो, कोलिको, लेक्को अशी जाते, आणि झोप आली तरी या टप्प्यात जागं राहावं. १९०२ मध्ये याच वाल्तेल्लिना मार्गावर कालमान कांदोने तीन-फेजची वीज मुख्य रेल्वेवर चालवून दाखवली. या मोटारीला ब्रश नाहीत, ठिणग्या नाहीत, आणि उतारावर ती आपोआप वीज परत देते. अडचण अशी की डोक्यावर दोन तारा लागत, प्रत्येक सांध्यापाशी त्या एकमेकींपासून तोडाव्या लागत, आणि वेग दोन-चार ठरलेल्या पायऱ्यांतच मिळे. त्यामुळे इटलीने पुढे ती पद्धत सोडून ३००० व्होल्ट डीसी घेतलं. आजच्या अतिजलद गाड्यांत, गोटहार्डच्या इंजिनांत आणि आलेग्रात पुन्हा तीन-फेजच्याच मोटारी आहेत. फरक एवढाच की तार एक असते, आणि तीन फेज गाडीतला इन्व्हर्टर हव्या त्या वारंवारतेत तयार करतो. चाक घसरायला लागलं की तो त्या आसाची वारंवारता तेवढ्यापुरती उतरवतो आणि पकड परत आणतो.